ब्राझीलला जाताय? बोटं जपून!

आपल्याकडे 'मस्त!' म्हणून अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करतात, तो ब्राझीलमध्ये करू नका. तिथे ती शिवी आहे. त्याऐवजी सरळ अंगठा दाखवा. तो दुकानात, बसमध्ये, कुठेही चालतो.

भाषा पोर्तुगीज, स्पॅनिश नव्हे. ही चूक लोक हसून घेतात, पण खटकते. आभार मानताना पुरुषाने 'ओब्रिगादू' म्हणायचं, बाईने 'ओब्रिगादा'. (बटाटा आणि पाव आपल्याकडे पोर्तुगिजांमुळेच आले, काजू तर मूळचा ब्राझीलचाच. त्यामुळे बाजारात कान लावलात तर 'बताता', 'काजू' ओळखीचे वाटतील.)

ईशान्य ब्राझीलमधल्या साल्वादोर शहरात मात्र थोडं थांबून वागा. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांनी जपलेला कांदोंब्ले हा धर्म तिथे आजही जिवंत आहे. त्यांच्या मंदिरात, म्हणजे तेरेइरूमध्ये, विधीला बोलावलं तर पांढरे किंवा फिके कपडे घाला, काळे नकोत. स्त्री-पुरुष बहुधा वेगळे बसतात, तेव्हा दाखवतील तिथे बसा. विचारल्याशिवाय फोटो काढू नका. तो नाचगाण्याचा कार्यक्रम नाही, पूजा आहे. आपल्या देवळाच्या गाभाऱ्यात कोणी कॅमेरा घेऊन घुसलं तर कसं वाटेल?

दक्षिणेकडे रिओ ग्रांदे दो सुलमध्ये शिमारांव, म्हणजे माते नावाच्या पानांचा गरम काढा, एकाच भांड्यातून, एकाच नळीने आळीपाळीने पितात. नळी हलवू नका, भांडं पूर्ण रिकामं करूनच परत द्या. आणि देताना 'ओब्रिगादू' म्हणालात, तर 'आता पुरे' असा अर्थ होतो. पुढच्या फेरीत तुम्हाला वगळतील!