जुन्या छोट्या ट्रॅक्टरवर मीटर बसवताय? या चुका टाळा

वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यातल्या संत्रा बागांत अजूनही कितीतरी जुने, बुटके ट्रॅक्टर फवारणीला आणि रोटाव्हेटरला चालतात. झाडांच्या ओळीतून मोठा ट्रॅक्टर निघत नाही, म्हणून अठरा-वीस अश्वशक्तीचं मशीन बापाकडून पोराकडे येतं. इंजिन दणकट निघतं, पण मीटरचं पॅनल सगळ्यात आधी मरतं. काच पिवळी पडते, काटा एका जागी चिकटतो आणि मागच्या वायरी कोणीतरी कधीतरी कापून टाकलेल्या असतात. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना असा ट्रॅक्टर दिवसभर वावरात चालवायचा म्हणजे पाणी किती तापलं आणि ऑइलला प्रेशर आहे की नाही, याचा पत्ताच लागत नाही. गॅस्केट उडाली किंवा क्रँकची बेअरिंग धरली तर खर्च मीटरच्या कैक पट.

म्हणून मीटर बसवा, जरूर बसवा. पण चुकीचा बसवलेला मीटर धोक्याचा असतो. काटा हिरव्या पट्ट्यात दिसतो म्हणून माणूस निर्धास्त चालवतो आणि इंजिन आतून जळत असतं. मीटर चुकीचं दाखवतो तेव्हा दोष बहुतेक वेळा मीटरमध्ये नसतो. तो आट्यात, अर्थिंगमध्ये किंवा न जुळणाऱ्या सेंडरमध्ये (इंजिनवर बसून मीटरला माप कळवणारा भाग) असतो.

कोणते मीटर लागतात?

माझ्या मते जुन्या छोट्या ट्रॅक्टरला तीन मीटर पुरतात: ऑइल प्रेशर, पाण्याचं टेम्परेचर आणि व्होल्ट. चौथा अवर मीटर, कारण ऑइल बदलायचं ते तासांवर, महिन्यांवर नाही. डिझेलच्या मीटरवर पैसे घालू नका, टाकीत स्वच्छ काडी बुडवली तरी कळतं.

एक सिलिंडरचा जुना एअर कूल्ड आयशर असेल तर पाण्याचा मीटर मागू नका, त्यात पाणीच नाही. तिथे सिलिंडरच्या पंख्यांमध्ये अडकलेलं कुटार आणि धूळ साफ ठेवणं हाच खरा इलाज.

आटे जुळतात असं वाटतं, पण जुळत नाहीत

सगळ्यात महागडी चूक इथे होते. बाजारात मिळणारे ऑइल प्रेशरचे सेंडर प्रामुख्याने तीन प्रकारच्या आट्यांत येतात: १/८ बीएसपी (ब्रिटिश माप), १/८ एनपीटी (अमेरिकन माप) आणि एम १० बाय १ (मेट्रिक माप). डोळ्यांना तिन्ही जवळजवळ सारखे दिसतात. बीएसपीला इंचात २८ आटे, कोन ५५ अंश. एनपीटीला इंचात २७ आटे, कोन ६० अंश. एम १० ला १ मिलिमीटरची पिच (दोन आट्यांमधलं अंतर), म्हणजे इंचात २५ च्या थोडे वर. एक-दोन फेरे हाताने फिरतात, मग घट्ट होतं आणि मिस्त्री पाना लावतो. तिथेच ब्लॉकचे आटे जातात किंवा भोकाच्या काठाला तडा जातो. बिडाच्या ब्लॉकला गेलेला तडा म्हणजे तुमच्या डोकेदुखीची सुरुवात.

ब्लॉकमधला जुना स्विच काढून दुकानात घेऊन जा आणि पिच गेज लावून मोजा. सेंडर हाताने किमान तीन फेरे सहज गेला पाहिजे. जात नसेल तर पाना बाजूला ठेवा आणि योग्य अडॅप्टर शोधा. पितळी अडॅप्टर लेथवर करून देणारे वर्कशॉप आपल्या तालुक्याच्या गावातही असतात.

टेफ्लॉन टेप आणि अर्थिंग

इलेक्ट्रिक सेंडरला बहुधा एकच वायर असते. दुसरा टोक म्हणजे त्याची स्वतःची बॉडी, जी आट्यांतून ब्लॉकला लागते. गळती नको म्हणून त्यावर टेफ्लॉन टेपचे भरपूर वेढे दिले की अर्थिंग कमकुवत होतं आणि काटा हेलकावे खातो. टेप लावायचीच असेल तर एक पातळ वेढा, तोही पहिले दोन आटे मोकळे सोडून. टेपचा तुकडा ऑइलच्या गॅलरीत (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटेत) गेला तर वेगळंच संकट.

अर्थिंगचा दुसरा घोळ पॅनलवर होतो. रंग मारलेल्या, गंजलेल्या पत्र्यावर मीटर बसवून ‘अर्थ मिळेल’ असं गृहीत धरलं जातं. ओळखायची खूण सोपी आहे. हेडलाइट लावला की सगळे काटे एकदम हलतात, म्हणजे अर्थ कच्चा आहे. सगळ्या मीटरच्या अर्थच्या टोकांना जोडणारी एक वायर थेट बॅटरीच्या मायनसला किंवा इंजिनच्या ब्लॉकला न्या. एवढ्यानेच कितीतरी ‘खराब’ मीटर बरे होतात.

पन्नास-साठच्या दशकातला ब्रिटिश बनावटीचा ट्रॅक्टर असेल, उदाहरणार्थ जुना फर्ग्युसन टीई-२०, तर आधी बॅटरीचं कोणतं टोक चॅसिसला लागलंय ते बघा. त्या काळी प्लस अर्थ असायचं. आजचा इलेक्ट्रॉनिक मीटर त्यावर सरळ जोडला तर जळतो.

मीटर एका कंपनीचा, सेंडर दुसऱ्या पद्धतीचा

मीटर आणि सेंडर ही जोडी आहे. युरोपीय पद्धतीचा ऑइल प्रेशरचा सेंडर शून्य प्रेशरला सुमारे १० ओहम आणि पूर्ण प्रेशरला सुमारे १८० ओहम दाखवतो. अमेरिकन पद्धतीचा बरोबर उलटा: शून्याला २४०, पूर्णला ३३. जोडी चुकली तर बंद इंजिनवरही काटा वर जाऊन बसतो आणि इंजिन चालू झालं की खाली येतो. अशा वेळी मीटर उलटा जोडला असं समजून वायरी अदलाबदल करत बसू नका. मल्टिमीटरने सेंडरचा टोक आणि बॉडी यांमधले ओहम मोजा, उत्तर लगेच मिळतं. ऑनलाइन मागवायचं असेल तर दोन्ही एकाच सेटमध्ये मागवा.

ऑइलसाठी मी मेकॅनिकल मीटरच घ्या म्हणेन. त्यात वीज नाही, ओहमची भानगड नाही आणि बॅटरी उतरली तरी खरं बोलतो. मात्र त्याची नळी ही जबाबदारीची गोष्ट आहे. तांब्याची नळी सरळ ताणून बसवली की इंजिनच्या थरथराटाने ती कडक होत जाते आणि एक दिवस चिरते, मग गरम ऑइल थेट चालवणाऱ्याच्या पायावर. इंजिनजवळ नळीला दोन-तीन वेढ्यांची कडी द्या, पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट घाला, सायलेन्सरपासून लांब ठेवा. जास्त थरथरणाऱ्या इंजिनला ग्लिसरीन भरलेला मीटर आणि प्रेशरचा लवचीक होज उत्तम.

ऑइल प्रेशर गेलं की पेटणारा जुना लाल दिवा काढू नका. मीटरसाठी टी (तीन तोंडांचा जोड) बसवली तर स्विच आणि मीटर दोन्ही राहतात. फक्त ती लांब टी ब्लॉकवर लोंबकळत ठेवू नका, वजनाने मोडते. होज लावून टी बोनेटच्या आतल्या पट्टीला पक्की करा.

टेम्परेचरचा काटा वर चढतच नाही

‘मीटर खराब आहे, पन्नासच्या वर जात नाही’ अशी तक्रार आली तर आधी थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) आहे का ते विचारा. उन्हाळ्यात इंजिन तापतं म्हणून आपल्याकडे तो काढून टाकायची सवय आहे. मग डिसेंबरच्या सकाळी हलक्या कामावर पाणी ५०-६० अंशांवरच राहतं आणि मीटर खरंच सांगत असतो. थंड इंजिन जास्त डिझेल खातं आणि सिलिंडर लवकर झिजवतं. सुमारे ८२ अंशांना उघडणारा नवा थर्मोस्टॅट टाका, तापण्याचं कारण रेडिएटरमध्ये शोधा.

दुसरी गोष्ट जागेची. टेम्परेचर मीटरचा बल्ब (पाण्यात बुडणारं टोक) इंजिनच्या हेडमधल्या वाहत्या पाण्यात बुडलेला हवा. पाणी कमी असेल किंवा तिथे हवा अडकली असेल तर बल्ब वाफेत राहतो, आणि इंजिन उकळत असताना काटा शांत असतो. पाणी भरल्यावर हवा काढून टाकल्याशिवाय मीटरवर विश्वास ठेवू नका. कॅपिलरी नळीचा (बल्बपासून मीटरपर्यंत बारीक, द्रव भरलेली नळी असलेला) मीटर असेल तर नळी कधीही कापू नका, मुडपू नका, जास्तीची नळी गोल गुंडाळून बांधा. आतलं द्रव गेलं की मीटर संपला.

खात्री करायची असेल तर बल्ब उकळत्या पाण्यात धरा. नागपूर-अमरावतीकडची उंची समुद्रसपाटीपासून तीन-साडेतीनशे मीटर, तेव्हा पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळतं. काटा तिथे आला पाहिजे. इलेक्ट्रिक सेंडर असेल तर त्याच्या बॉडीला वेगळी अर्थची वायर लावून तपासा.

अँपिअर मीटर

जुन्या पॅनलवर ३०-०-३० चा अँपिअर मीटर असतो. डायनमो काढून मोठा अल्टरनेटर बसवला आणि तोच मीटर ठेवला तर सगळा चार्जिंग करंट त्यातून जातो. त्याचे नट सैल झाले की पॅनलमागे ठिणग्या उडतात, आणि पुष्कळ ट्रॅक्टरांत डिझेलची टाकी तिथून हातभरावर. तो काढा आणि फ्यूज लावून व्होल्ट मीटर घाला. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी १२.६ च्या आसपास, चालू असताना १३.८ ते १४.४. पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर बघा. सेल्फची जाड केबल कोणत्याही मीटरमधून नेऊ नका.

आरपीएमबद्दल थोडक्यात: डिझेल इंजिनला इग्निशन कॉइल नसते, म्हणून मोटरसायकलचा आरपीएम मीटर चालत नाही. अल्टरनेटरच्या डब्ल्यू टोकावर (फेऱ्यांचा सिग्नल देणारं टोक) चालणारा घ्या आणि पीटीओ (रोटाव्हेटर फिरवणारा मागचा शाफ्ट) ५४० वर फिरतोय का ते हातातल्या टॅकोमीटरने बघून जुळवा. अवर मीटर चावीवर जोडू नका, प्रेशर आल्यावरच चालू होणाऱ्या ऑइल प्रेशर स्विचवर जोडा. नाहीतर चावी चालू राहिली की तो उगाच तास मोजतो.

भोक पाडण्याआधी बॅटरीची मायनस काढा, शक्य असेल तर टाकीही काढा. बहुतेक मीटरना ५२ मिलिमीटरचं भोक लागतं, होल सॉ वापरा आणि लोखंडाचा चुरा इंजिनवर पडू देऊ नका.

संत्र्याच्या बागेत बोर्डो मिश्रण फवारता, तर मोरचुदाचे तुषार सेंडरच्या टोकांवर बसतात आणि जोड हिरवे पडून सडतात. टोकांना ग्रीस लावा, जोडावर हीट श्रिंक चढवा, फवारणी झाली की साध्या पाण्याने धुवा. वायरी कोरुगेटेड पाइपात घाला, कारण सोयाबीनच्या पोत्यांशेजारी उभ्या केलेल्या ट्रॅक्टरच्या वायरी उंदीर सोडत नाहीत. सगळं जोडून झालं की थंड इंजिनवर, तापलेल्या इंजिनवर कमी फेऱ्यांत आणि कामाच्या फेऱ्यांत प्रेशर, टेम्परेचर, व्होल्ट किती ते वहीत लिहून ठेवा. तापल्यावर कमी फेऱ्यांत प्रेशर थोडं उतरणारच. पण पुढच्या हंगामात ते लिहिलेल्या आकड्याच्या बरंच खाली गेलं, तर इंजिन खोलण्याआधी दुसरा मेकॅनिकल मीटर लावून एकदा ताडून बघा.