स्थिर समस्थानिकांचं काम करताय? या चुका टाळा

स्थिर समस्थानिक म्हणजे एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे, किरणोत्सर्ग न करणारे अणू. मे महिन्यात नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावर पाणी भरलं, बाटली डिकीत ठेवली आणि गाडी दुपारभर उन्हात उभी राहिली. आकडे आले तेव्हा कळलं, तलावाचं पाणी बाटलीतच बदललं होतं. ही माझी पहिली चूक.

झाकण लावलं म्हणून जिवाणू थांबत नाहीत. नागपूरच्या उन्हात तर ते अधिकच जोमाने सेंद्रिय पदार्थ खातात. त्यातून कार्बन-१३ कमी असलेला कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पाण्यात विरघळलेल्या कार्बनचं डेल्टा मूल्य (जड आणि हलक्या समस्थानिकांचं प्रमाण ठरलेल्या मानकापेक्षा प्रति हजार किती वेगळं, तो आकडा) घसरतं. काठावरच सिरिंजला ०.२ मायक्रॉनचा फिल्टर लावून पाणी गाळा, बाटली काठोकाठ भरा, बुडबुडा राहू देऊ नका आणि लगेच बर्फात ठेवा. गाळातल्या पाण्यातला सल्फाइड हवा लागली की बदलू लागतो. तिथल्या तिथे झिंक अ‍ॅसिटेट घाला, पांढरा अवक्षेप बसेल.

आपल्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात. त्यांच्यातला कार्बन त्याच मातीतल्या सेंद्रिय कार्बनपेक्षा साधारण १४ ते १७ प्रति हजारने जड असतो. सेंद्रिय कार्बन मोजण्याआधी हा चुनखडीतला कार्बन सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने फसफस पूर्ण थांबेपर्यंत काढा. नायट्रोजनसाठी मात्र आम्ल न लावलेला भाग वेगळा ठेवा.

गाळातला कार्बन जड झाला की लगेच जिवाणूंकडे बोट दाखवू नका. कापूस, तूर यांच्या कार्बनचं डेल्टा मूल्य उणे २७ च्या आसपास, ज्वारीचं उणे १२ च्या, म्हणजे जड. वरच्या शेतात पीक बदललं तरी आकडा हलतो.

सर्वात जास्त फसवतो तो गंधक. सल्फेट वापरणारे जिवाणू हलका गंधक-३२ आधी उचलतात. सल्फेट आणि सल्फाइडमधला फरक ७० प्रति हजारपर्यंत जाऊ शकतो. पण बंद गाळात सल्फेट संपत आलं की उरलेलं सल्फेट जड होत जातं, आणि सगळं वापरून झालं की साठलेल्या सल्फाइडचं मूल्य सुरुवातीच्या सल्फेटइतकंच येतं. जिवाणूंनी भरपूर काम केलेलं असतं, आकड्यात मात्र काहीच दिसत नाही! मी अशा एका थराला ‘निष्क्रिय’ ठरवून मोकळा झालो होतो. म्हणून डेल्टा मूल्यासोबत सल्फेटचं प्रमाणही गाळाच्या प्रत्येक खोलीवर मोजाच.

आणि कार्बन-१३ मुद्दाम घातलेले नमुने नैसर्गिक नमुन्यांच्या ओव्हनमध्ये कधीच सुकवू नका. चिमूटभर धूळही पुरते.