कॉइल घासली की खोटा आवाज: दोष स्किड प्लेटमध्ये निघाला

ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातल्या मोलियागुलची माती लोहखड्यांनी भरलेली. (१८६९चा ‘वेलकम स्ट्रेंजर’ हा सोन्याचा गोळा तिथलाच.) पल्स इंडक्शन डिटेक्टर (चुंबकी स्पंद सोडून जमिनीतला धातू शोधणारं यंत्र) तिथे गवताला कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची तबकडी, घासली तरी ओरडायचा. ग्राउंड बॅलन्स (मातीतल्या लोहाकडे दुर्लक्ष करायला लावणारी जुळणी) पुन्हा केला, फरक शून्य. कॉइल हवेत धरून बोटाने टिचकी मारली, तरीही आवाज! म्हणजे जमीन निर्दोष.

स्किड प्लेट, म्हणजे कॉइलखालचं संरक्षक झाकण, उचकटली तर आत चमचाभर लाल धूळ, चुंबकाला चिकटणारी. ती कॉइलखाली सरकली की यंत्राला धातू वाटतो. प्लेट धुतली, रात्रभर वाळवली, कडेने इन्सुलेशन टेप फिरवली. कॉइलची लोंबती वायरही वेल्क्रोने दांड्याला आवळली. तीही हलली की असाच त्रास देते.

सेन्सिटिव्हिटी मात्र उतरवू नका. यंत्र गप्प होतं, पण बारीक सोनंही सुटतं.