सहकारी गेम स्टुडिओचे मेंटॉर होताना पहिल्या महिन्यात काय करावे

सहकार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर साखर कारखाना किंवा दूध संघ येतो. तिथे सभासद शेतकरी, कामगार वेगळे. सहकारी गेम स्टुडिओत मात्र कोड लिहिणारा, चित्रे काढणारी, आवाज बसवणारा हेच मालक. आपल्याकडचे जवळचे उदाहरण लिज्जत पापडाचे. १९५९ साली मुंबईत सात जणींनी ते काम सुरू केले आणि पापड लाटणारी बहीणच मालकीण झाली. फ्रान्समधल्या बोर्डोच्या मोशन ट्विन या स्टुडिओने ‘डेड सेल्स’ हा २०१८चा गाजलेला गेम अशाच रचनेत, सगळ्यांना सारखा पगार देत केला. त्यामुळे “तुमच्यात मुख्य कोण?” या प्रश्नाने सुरुवात करू नका.

पहिल्या भेटीत सल्ला न देता गेम खेळा. बिल्ड, म्हणजे गेमची आत्ता चालवता येणारी आवृत्ती, अर्धवट असली, अडखळत असली तरी अर्धा तास खेळाच, आणि सगळ्यांना मागे उभे राहू द्या. एकाच उडीला तुम्ही तीनदा पडलात की कोण घाईने “तिथे बग आहे” म्हणतो आणि कोण गुपचूप वहीत टिपून घेते, ते बघा.

मग कागद मागा. नव्या माणसाला मत कधी मिळते? सोडून जाणाऱ्याचे भागभांडवल कसे परत करायचे? त्याने लिहिलेल्या कोडवर हक्क कोणाचा? मित्रामित्रांच्या गटात हा शेवटचा मुद्दा लिहायचा राहून जातो. महाराष्ट्रात १९६०च्या कायद्याखाली सहकारी संस्था नोंदवायला सर्वसाधारणपणे वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान १० जण लागतात. चार-पाच जणांच्या गटाने एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) केली असेल, तर ‘एक सभासद, एक मत’ हे करारात उतरले आहे का, ते नीट वाचा.

सर्वांत जास्त वेळ त्यांच्या बैठकीला द्या, आणि तिथे बोलू नका. समजा, पात्राची उडी उंच करायची ठरते; तीन मते बाजूने, दोन विरोधात. मतदान नियमाने झाले. पण उडी बदलली की सगळ्या लेव्हल पुन्हा मांडायच्या, आणि ज्या मुलीला त्या मांडायच्या आहेत ती बैठकभर एक शब्द बोललेली नसते. मत सारखे असले तरी आवाज सारखा नसतो, आणि मेंटॉरची खरी गरज इथेच असते. नंतर प्रत्येकाला वेगवेगळे चहाला न्या आणि एकच विचारा, “शेवटचा वाद कशावरून झाला, आणि तो मिटला कसा?” सगळेच “आमच्यात वाद होत नाहीत” म्हणाले, तर आणखी दोन बैठका बसा.

पैशांचे थोडक्यात विचारा: किती महिन्यांचा पगार हाताशी आहे, कोण रात्री बाहेरची कामे घेते, विक्रीतला स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाचा साधारण ३० टक्के वाटा हिशेबात धरला आहे का.

महिनाअखेरीस तुमची भूमिका एका पानावर लिहा: मत नाही, हिस्सा नाही, भेटी किती, थांबण्याची तारीख कोणती. ते पान त्यांच्या बैठकीत ठेवा आणि चर्चा चालू असताना खोलीबाहेर थांबा.