जुनी गाडी आवाज करतेय? इंजिन खोलायच्या आधी हे बघा

जुनी स्प्लेंडर नाहीतर सीडी हंड्रेड असली की थोडाफार आवाज येणारच, पण कुठला चालवून घ्यायचा आणि कुठल्याला गाडी जागेवर बंद करायची हे आपल्याला कळलं पाहिजे, नाहीतर फिटर दोनदा रेस मारून "इंजिन काम आलंय" म्हणतो आणि आपण मान डोलवून पैसे मोजतो.

आधी ऑइल बघा. ऑइल कमी असेल तर चांगलं इंजिनपण खडखडतं. मेन स्टँडवर लावून, डिपस्टिक (ऑइलच्या झाकणाला असलेली मापाची पट्टी) पुसून, झाकणाचे आटे न फिरवता नुसती टेकवून लेव्हल बघायची.

मग आवाज इंजिनाचा की चाकाचा ते ठरवा. सकाळी लवकर मोकळ्या रस्त्याला जा, सोलापुरात असाल तर होम मैदानाकडं वगैरे (तिथल्या पूर्व भागात राहत असाल तर दारात टेस्ट करूच नका, यंत्रमागाच्या खटखटीत काय डोंबल ऐकू येणार). थोडा स्पीड घ्या, न्यूट्रल करा, इंजिन बंद करा आणि गाडी तशीच जाऊ द्या. आवाज चालू राहिला तर चाक, चेन नाहीतर ब्रेक. कंपाउंड वॉलला लागून हळू चालवलीत तर आवाज भिंतीवरून परत येतो, लई स्पष्ट कळतं.

चाकाकडचं सोपं असतं. चेन मधोमध बोटानं वर-खाली करून बघा, २५ मिमीच्या आसपास हलली पाहिजे, पण एकाच जागी बघून सोडू नका, मागचं चाक फिरवत चार-पाच ठिकाणी बघा, कारण जुनी चेन एकीकडं ताठ आणि दुसरीकडं ढिली होते आणि तशी झाली की ताणून उपयोग नाही, पूर्ण चेन सॉकेट, म्हणजे चेन आणि तिची दातेरी चाकं, बदला. गिअर टाकून क्लच सोडताना मागून टक् आलं तर हबमधले, म्हणजे मागच्या चाकाच्या मधल्या भागातले, रबर गेलेत. खड्ड्यात किंवा पुढचा ब्रेक मारला की हँडलखाली टक् होतं तो कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग). स्पीड वाढेल तशी घुर्रघुर्र वाढते ती चाकाची बेअरिंग.

आता इंजिन. उभ्या गाडीवर रेस देऊन ऐका. लांब स्क्रूड्रायव्हर घ्या, टोक इंजिनावर आणि मूठ कानाला, सायलेन्सर आणि फिरणाऱ्या भागापासून हात लांब. वर हेडजवळ एकसारखी टिकटिक म्हणजे टॅपेट (व्हॉल्व्ह दाबून उघडणारा भाग, त्यात थोडी फट ठेवावी लागते). थोडी टिकटिक असू द्या की ओ! टॅपेट एकदम गप्प करून घेतले की व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो, त्यामुळं मला आवाज करणारा टॅपेट परवडतो. सेटिंग पूर्ण थंड इंजिनावर, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून, म्हणजे मे महिन्यात सोलापुरात दुपारी गाडी चालवत गॅरेजला नेऊन लगेच टॅपेट करून घेणं चूकच, आदल्या रात्री तिथंच लावून या.

टॅपेटसारखाच फसवणारा एक आवाज आहे. सायलेन्सरचा पाइप हेडला बसतो तिथलं पॅकिंग गेलं की चक्क टॅपेटसारखी टकटक येते. तिथं काळी काजळी दिसली की समजायचं, पॅकिंग स्वस्तात येतं, आणि ह्यापायी लोकांनी हेड खोललेलं मी बघितलंय.

डाव्या बाजूनं खळखळ, आयडलला आणि रेस सोडताना जास्त, ती टायमिंग चेन (इंजिनाच्या आतली, व्हॉल्व्ह चालवणारी) नाहीतर तिला ताणून धरणारा टेन्शनर. क्लच दाबल्यावर आवाज बदलला तर उजव्या बाजूला क्लचकडं बघा. ठराविक रेसलाच झर्रर्र येऊन गायब होतं ते बहुतेकदा इंजिन नसतंच, साडी गार्ड, नंबर प्लेट, लेग गार्ड एकेक हातानं दाबून बघा, नट आवळला की विषय संपला.

पुलाच्या चढाला टॉप गिअरमध्ये, उन्हात, बारीक किणकिण येते ते नॉकिंग, म्हणजे इंजिनात पेट्रोल नीट न पेटल्याचा आवाज. गिअर कमी करा, मग इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ), आत साचलेला कार्बन आणि कार्बोरेटर दाखवा.

आणि खालून, क्रँककडून (पिस्टन ज्याला फिरवतो तो इंजिनातला मुख्य दांडा), लोड दिला की जड ठक् ठक् येत असेल तर पुढं चालवू नका. पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलेलं असतं, अजून ताणलंत तर क्रँकसोबत बाकीचंपण जाईल. गाडी टेम्पोत घाला आणि फिटरला नुसतं "आवाज येतोय" न म्हणता सांगा, गरम झाल्यावर येतो, लोडवर येतो, खालून येतो.