फोटो असा लावा की मजकूर खरा वाटेल

नेटवरून उचललेला गुळगुळीत फोटो वाचक लगेच ओळखतो आणि मग मजकुरावरही शंका घेतो. त्यापेक्षा मोबाइलने स्वतः काढलेला साधा फोटो कितीतरी बरा.

१. ज्या वस्तूबद्दल लिहिले आहे, ती खिडकीजवळ ठेवा, फ्लॅश बंद.
२. एक फोटो पूर्ण वस्तूचा, दुसरा अगदी जवळून. शिवण, ओरखडा, झिजलेली कड दिसू द्या. खरा विश्वास तिथेच बसतो. आकार कळावा म्हणून शेजारी मोजपट्टी ठेवा. फिल्टर नकोच.
३. खाली एक ओळ: काय आहे, कधी काढला.

मात्र घरी काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये बरेचदा लोकेशनही साठवलेले असते. अपलोड करण्याआधी फोटोच्या तपशिलात जाऊन ते काढून टाका.