नवोदयच्या परीक्षेला बसणारं पाचवीतलं लेकरू आणि आपण घरातले

नवोदयला, म्हणजे सहावीपासूनच्या सरकारी निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेला, बसवायचं ठरलं की बऱ्याच घरात काय होतं, फॉर्म भरला, जाडजूड गाईड आणलं की दुसऱ्या दिवसापासून मुलाच्या मागे लागतात सगळे. थोडं थांबा. आधी आपण स्वतः पेपर समजून घ्या, कारण आई-बापालाच माहीत नसेल तर लेकराला नुसतं "खूप अवघड असते हं ती परीक्षा" एवढंच ऐकू येतं आणि तिथूनच पोटात गोळा सुरू होतो.

पेपर असा असतो. ८० प्रश्न, १०० मार्क, वेळ २ तास. त्यातले ४० प्रश्न बुद्धिमत्तेचे म्हणजे आकृत्यांचे, ५० मार्कांना, मग गणिताचे २० प्रश्न २५ मार्कांना आणि भाषेचे २० प्रश्न २५ मार्कांना. सगळ्यांना दिलेल्या पर्यायांतून एक उत्तर निवडायचं. म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मार्क आणि साधारण दीड मिनिट मिळतं. चुकलं तर मार्क कापत नाहीत. हे शेवटचं वाक्य पहिल्याच दिवशी सांगा, कारण शाळेत चुकलं की लाल फुली खायची सवय झालेली मुलं येत नसेल तिथे हात आखडून बसतात. इथे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

आता आकृत्या. अर्धे मार्क इथेच आहेत आणि यातलं पाठ करण्यासारखं काहीच नाही, म्हणून मला तर हाच भाग सगळ्यात आवडतो. मुलाला गाईडसमोर बसवू नका, हातात वस्तू द्या. घडी घालून भोक पाडलेल्या कागदाचे प्रश्न असतात ना, त्यासाठी जुनी वर्तमानपत्रं घ्या, चौकोन कापा, एक घडी घाला, मग दोन घाला, कात्रीने टोक उडवा, आणि उघडायच्या आधी विचारा की भोकं किती दिसतील आणि कुठे. मग उघडा. आठ-दहा दिवसांत मूल न उघडता सांगायला लागतं. आरशातल्या प्रतिमेसाठी छोटा आरसा वहीवर उभा धरायचा, शेजारी अक्षरं, बाण, घड्याळ काढायचं, डावं-उजवं बदलतं पण वरचं वरच राहतं हे डोळ्याला दिसू दे. लपलेली आकृती शोधायची असेल तर पातळ कागदावर छोटी आकृती उतरवून मोठीवर सरकवत बघायची. आमच्याकडे हे सगळं जेवणानंतर वीसेक मिनिटं चालायचं, धाकटापण येऊन बसायचा, आणि लेकीला हा अभ्यास आहे असं वाटायचंच नाही.

गणिताला मात्र रोज हात लावावा लागतो. पाढे, भागाकार, अपूर्णांक, दशांश, लसावि-मसावि, परिमिती-क्षेत्रफळ. नवीन धडे भराभर उरकण्यापेक्षा रोज पाचच गणितं द्या पण पूर्ण सोडवून घ्या, आणि चुकलं तर "कुठे अडलास" एवढंच विचारा. नव्वद टक्के वेळा उत्तर "हातचा विसरलो" हेच असतं, त्यात रागवण्यासारखं काय आहे सांगा. भाषेत उतारे असतात, त्यासाठी वेगळं काही नको, रोज एक पान मोठ्याने वाचायचं आणि आपण त्यावर दोन-तीन प्रश्न विचारायचे, उत्तर पानातच शोधायला लावायचं, मनाचं नाही सांगायचं.

सराव पेपर लगेच सुरू करू नका ही माझी कळकळीची विनंती आहे. आधी अर्ध्या तासात २० प्रश्न जमू देत, मग एक तास, आणि शेवटच्या दीड-दोन महिन्यांत आठवड्याला एकच पूर्ण पेपर, शक्यतो परीक्षेच्याच वेळेला, सकाळी साडेअकरा ते दीड. पेपर झाला की लगेच मार्क मोजत बसायचं नाही. खेळू दे, जेवू दे, संध्याकाळी चुकलेले प्रश्न शांतपणे बघा.

आणि ओएमआर शीट, म्हणजे गोल काळे करून उत्तरं द्यायचा कागद. हुशार हुशार मुलांचे मार्क इथे जातात हो. निळ्या किंवा काळ्या बॉलपेनने गोल पूर्ण काळा करायचा असतो, पेन्सिल चालत नाही, एकदा काळा केला की बदलता येत नाही, खोडरबर व्हाइटनर काही चालत नाही. दहा वर्षांच्या मुलाने आयुष्यात असला कागद पाहिलेला नसतो. म्हणून कोऱ्या शीटच्या झेरॉक्स काढून आणा आणि प्रत्येक सराव पेपर त्याच्यावरच सोडवून घ्या. प्रश्न नंतर करू म्हणून सोडला असेल तर शीटवर पण ती ओळ तेवढ्यापुरती सोडायची, नाहीतर पुढचं सगळं एकेक घर सरकतं आणि दर पाच प्रश्नांनी नंबर जुळतोय ना ते बोट ठेवून बघायचं, ही सवय लागायलाच दोन-तीन आठवडे जातात.

सहावीच्या प्रवेशासाठी ही परीक्षा एकदाच देता येते. हे खरं आहे पण ते मुलाला धाक दाखवायला वापरू नका. "परत चान्स नाही हं" हे वाक्य घरात, फोनवर, मामा-काकांसमोर, कुठेच बोलायचं नाही. एका नवोदयमध्ये सहावीला साधारण ८० मुलं घेतात आणि बसणारी हजारो असतात, म्हणजे चांगला पेपर देऊनही नंबर न लागणारी मुलंच जास्त. याचा हिशोब आपल्या मनात पक्का हवा, म्हणजे तोंडातून भलतं येत नाही.

आता जे मला उशिरा कळलं ते सांगते. डिसेंबरमध्ये माझी लेक येत असलेल्या आकृत्या चुकवायला लागली. मी चिडले, मग घाबरले, आणि एका रात्री अंथरुणात तिने विचारलं, "आई, मी पास झाले तर मला जावंच लागेल का?" इतके महिने आम्ही समजत होतो तिला नापास व्हायची भीती आहे. तिला पास व्हायची भीती होती. नवोदय निवासी शाळा आहे हे आम्हाला माहीत होतं, तिला पण माहीत होतं, पण त्याबद्दल तिच्याशी कोणी बोललंच नव्हतं.

तर तुम्ही आधीच बोला. जमलं तर आपल्या जिल्ह्यातली नवोदय मुलाला नुसती लांबून का होईना दाखवून आणा, ओळखीत तिथे शिकलेला कोणी दादा-ताई असेल तर त्यांच्याशी गप्पा मारू द्या, जेवायला काय असतं, रडू आलं तर कोणाला सांगायचं, आई भेटायला कधी येते, असले प्रश्न मुलं आपल्यापेक्षा त्यांना मोकळेपणाने विचारतात. आणि स्पष्ट सांगा की परीक्षा देणं वेगळं आणि जाणं वेगळं, नंबर लागला तर आपण सगळे बसून ठरवू आणि त्यात तुझं म्हणणं ऐकू. मात्र हे खरंच पाळणार असाल तरच सांगा. आम्ही सांगितलं त्यानंतर चारच दिवसांत तिच्या आकृत्या परत बरोबर यायला लागल्या.

आदल्या दिवशी पुस्तक बंद. प्रवेशपत्र आणि दोन चालू बॉलपेन पिशवीत, प्रवेशपत्रावरच्या सूचना एकदा तुम्ही वाचा, सेंटर लांब असेल तर रस्ता आधीच बघून ठेवा कारण सकाळची धावपळ मुलाच्याच अंगावर येते. पोटभर पण नेहमीचंच खाणं. गेटवर शेवटच्या सूचना देत बसू नका, पाणी प्यायलास का एवढं विचारा आणि सोडा.

बाहेर आल्यावर "किती बरोबर आले" हे विचारायचं नाही, आणि गेटवर बाकीचे पालक उत्तरं जुळवत उभे असतात तिथून सरळ निघा. निकाल लागेल तेव्हा आधी तुम्ही एकटे बघा. लागला किंवा नाही लागला, मुलाला सांगताना घरात तुम्ही दोघंच असा, फोन बाजूला ठेवा, आणि नातेवाइकांना त्या दिवशी काहीच कळवू नका.